उताराचा तिटकारा

चष्मेवाल्यांना चढ चढताना बघणं हा एक सोहळाच होता. बंदरापासून निघालेला रस्ता गोदामांना वळसा घालून डोंगराला भिडायचा आणि मग वळणामागून वळणं घेत, समुद्राला कधी डाव्या तर कधी उजव्या हाताला टाकत, थेट खिंडीपर्यंत चढायचा. त्या रस्त्यावर भले भले तिशीतले गडी सायकलवरून उतरून डोकं धरून बसत. चष्मेवाल्यांनी पन्नाशी ओलांडली होती, पण पोट बेताचं आणि पोटऱ्या दगडासारख्या. तोंडाचा चंबू करून, कुणाकडे न बघता, मालगाडीच्या इंजिनासारखे ते वर सरकत राहायचे. खाली बंदरातली माणसं कामं थांबवून बोट दाखवायची, "ते बघ, चष्मेवाले निघाले."

उतरताना मात्र त्यांना कुणीच कधी बघितलं नव्हतं.

खिंडीच्या पलीकडे डोंगराची दुसरी बाजू होती. तिकडे समुद्राची झुळूकही पोचत नसे. खाली सगळं खोरं द्राक्षाच्या रांगांनी कंगवा फिरवल्यासारखं दिसायचं. सायकल क्लबचा रविवारचा रस्ता ठरलेला होता: समुद्राकडून चढायचं, द्राक्षांकडे उतरायचं, खालच्या वायनरीत टेकून जेवायचं, घोटभर वाइन घ्यायची, आणि नदीकाठच्या सपाट रस्त्याने डोंगराला वळसा घालून घर गाठायचं. यातला मधला तुकडा, म्हणजे खिंडीपासून वायनरीपर्यंतचा उतार, चष्मेवाले मोटारीने करायचे. मोटार बायको चालवायची. ती नदीकाठच्या रस्त्याने येऊन खिंडीत आधीच थांबलेली असायची, सोबत कॉफीचा मोठा थर्मास आणि यांच्यासाठी कोरडा शर्ट.

"उतार म्हणजे फुकटेगिरी," चष्मेवाले सांगायचे. "त्यात आपलं काय? गुरुत्वाकर्षणाचं काम आहे ते. दगडसुद्धा खाली जातो. वर जातो का? नाही! वर माणूस जातो."

हे तत्त्वज्ञान ते मुख्यतः आपल्या चष्म्याच्या दुकानात सांगायचे, कारण तिथे गिऱ्हाईक हलू शकत नसे. अंधाऱ्या खोलीत उंच खुर्ची, नाकावर तपासणीची जड चौकट, एका डोळ्यावर काळं झाकण, अशा अवस्थेतला माणूस जाणार कुठे?

"चढात माणसाचं चारित्र्य दिसतं," खट्कन एक भिंग काढून दुसरं बसवत ते म्हणायचे. "आता? आता स्पष्ट दिसतं का?"

"चारित्र्य?"

"अहो, खालची ओळ!"

तिटकारा जन्माला आला त्या दिवसाबद्दल मात्र ते गिऱ्हाइकाला काही सांगत नसत. सायकल नवीन होती तेव्हाची गोष्ट. नवराबायको डोंगरावर फिरायला गेले होते, बायको मोटारीत, हे सायकलवर. खिंडीतून उतरताना तिसऱ्या वळणावर बारीक खडीवरून मागचं चाक सरकलं. पडले नाहीत, खरचटलंही नाही. सायकल नुसती थरथरली आणि क्षणभर समोर रस्त्याऐवजी दरी आली, बस्स. पण मागून बायको पोचली तेव्हा चष्मेवाले रस्त्याकडेच्या पांढऱ्या दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते आणि ती मिठी सोडवायला तिला त्यांचं एकेक बोट उलगडावं लागलं होतं. तिने सायकल गाडीत टाकली, यांना गाडीत बसवलं आणि घरापर्यंत त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. बायको शहाणी होती. भीती म्हणजे भीती, तिला काय औषध, असं मनाशी म्हणून तिने विषय मिटवला.

तो यांनी मिटू दिला असता तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी "उतरताना मजा आली असेल," असं म्हणालं आणि चष्मेवाल्यांच्या तोंडून फुकटेगिरीचं पहिलं वाक्य निघून गेलं. वाक्य त्यांना इतकं आवडलं की आठवडाभरात त्यांचा त्यावर मनापासून विश्वास बसला. वर्षभरात ते क्लबचे कॅप्टन झाले. खिंडीत पोचलं की सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, बायकोने कागदी कपांत कॉफी ओतायची आणि कॅप्टननी चढ या विषयावर चार शब्द बोलायचे, असा शिरस्ता पडला. चार शब्दांचे चाळीस कधी झाले आणि चाळिसांचे चारशे कधी झाले, हे वाऱ्यात कुडकुडणाऱ्या मंडळींनाच ठाऊक.

बायकोचं काय चाललं होतं? चष्मेवाल्यांच्या मते तिचं उत्तम चाललं होतं. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती, घर मोकळं झालं होतं, बाईमाणसाला एक विरंगुळा. थर्मासातली कॉफी कोमट निघाली तर ते तिला सांगायचे. गाडी उन्हात लावली तर सांगायचे. शर्टाला इस्त्री नसली तर तेही सांगायचे. एकदा क्लबातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वहिनी, दर रविवारी एवढं वर यायचं म्हणजे कमाल आहे तुमची." बायको काही बोलणार तोच चष्मेवाले हसून म्हणाले, "अहो, हिला गाडी चालवायची भारी हौस. हिच्यासाठी म्हणून मी वर बोलावतो, नाहीतर मला काय, मी असा खाली गेलो असतो."

बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि थर्मासचं झाकण लावलं. जरा जास्तच घट्ट लावलं, पण चष्मेवाल्यांना ते दिसलं नाही. ते तेव्हा चढाच्या कोनाबद्दल बोलत होते.

त्या उन्हाळ्यात वायनरीच्या मालकीणबाईंची बायकोशी गट्टी जमली. क्लबची मंडळी टेबलाभोवती गिअरच्या गप्पा मारत बसली की बायको काउंटरपाशी जाऊन उभी राहायची. मालकीणबाईंची एक अडचण होती: वाइन चाखायच्या खोलीत त्यांनी हौसेने मखमली खुर्च्या ठेवल्या होत्या आणि सायकलवाले घामाने निथळत येऊन नेमके त्यांवरच बसायचे. गिऱ्हाइकाला ऊठ म्हणायचं कसं? एके दिवशी बायको तिथेच उभी होती. क्लबातले सोफ्याच्या दुकानाचे मालक मखमलीवर बसायला वाकले, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊजी, ती नाही. लाकडी." आवाज चढवला नाही, हसलीही नाही. सोफावाले अर्ध्यातून उठले आणि निमूटपणे लाकडी बाकावर जाऊन बसले. मालकीणबाई बघतच राहिल्या.

"तोडणीच्या हंगामात माझ्याकडे कामाला याल का?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यांना यातलं काही कळलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना सांगण्यात आलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून पायांवरचे केस काढत होते. केस काढले की वारा कापला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. कापण्याइतका वारा फक्त उतारावर भेटतो, हे बायकोने कधी बोलून दाखवलं नव्हतं. नळ सोडलेला होता. दाराबाहेरून बायको म्हणाली, "अहो, उद्यापासून मी वायनरीत कामाला जातेय. उद्या वर यायला जमणार नाही. ऐकलंत का?"

"हो, हो," चष्मेवाले म्हणाले आणि गुडघ्यामागचा अवघड भाग आरशात बघू लागले.

रविवारी चढ फार सुंदर झाला. हवा स्वच्छ होती, खाली समुद्रावर बोटी माशा बसल्यासारख्या दिसत होत्या, आणि चष्मेवाले सगळ्यांच्या पुढे खिंडीत पोचले. मोटार नव्हती. त्यांनी गाडीतळाला एक फेरी मारली, जणू मोटार एखाद्या दगडामागे लपली असेल. मागून मंडळी येऊ लागली.

"वहिनी कुठायत?" पहिल्यांदा पोचलेल्या एकाने विचारलं.

"येईल. गर्दी असेल रस्त्यात."

सगळ्यांनी रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर एक शेळी होती.

त्या दिवशी भाषण रंगलं नाही. कॉफी नाही म्हटल्यावर श्रोत्यांची चुळबुळ सुरू झाली आणि चारित्र्याच्या मुद्द्यापर्यंत यायच्या आत एकेकाने हेल्मेटचे पट्टे आवळले. "खाली भेटूच," म्हणत ते वळणाआड नाहीसे झाले. चष्मेवाले खिंडीच्या पाटीखाली उभे राहिले. तिथेच काय ती फोनला थोडी रेंज यायची.

"अगं, आहेस कुठे?"

"कामावर."

"कसलं काम?"

"काल सांगितलं की. हो हो म्हणालात."

"बरं, मग मी खाली कसा येऊ?"

पलीकडून पेले धुतल्याचा आवाज आला. "उतारच आहे," बायको म्हणाली. "दगडसुद्धा येतो म्हणता ना?"

फोन बंद झाला. रेंज गेली असावी, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. बसले ते सायकलवर. एक पाय पेडलवर ठेवला, दोन्ही ब्रेक दाबले, आणि चाक हातभर पुढे गेलं तोच खालचं सगळं खोरं, रांगा, छपरं, नदी, सगळं एकदम उभं राहून त्यांच्या अंगावर येऊ लागलं. बोटं ब्रेकवर आवळली ती सुटेनात. दुकानात हजारो माणसांना ते सांगत आले होते की घाबरू नका, डोळे उघडे ठेवा, इकडे बघा. आता त्यांनी स्वतः डोळे मिटून घेतले होते. तसेच, डोळे मिटूनच, ते सायकलवरून उतरले.

मग ते चालू लागले. सायकलच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायच्या कडक पट्ट्या असतात. त्यांवर माणूस बदकासारखा चालतो आणि आवाज घोड्यासारखा होतो. टक टक टक टक करत कॅप्टन डोंगर उतरू लागले.

पहिल्याच वळणाच्या पुढे एक अनोळखी जोडपं मागून आलं आणि थांबलं. सायकलवाल्या लोकांत ही एक वाईट खोड असते, कुणी चालताना दिसला की मदतीला थांबतात.

"काय झालं, काका?"

"पंक्चर."

नवऱ्याने वाकून टायर दाबला. मग दुसरा दाबला. "हवा तर आहे की टणक."

"बारीक आहे पंक्चर," चष्मेवाले म्हणाले. "हळूहळू जाईल."

जोडपं एकमेकांकडे बघत निघून गेलं. चष्मेवाल्यांनी मागेपुढे पाहिलं, मागच्या चाकाशी बसले, व्हॉल्व्ह उघडला आणि सुस्स करून सगळी हवा सोडून दिली. आता त्यांना बरं वाटलं. आता ते खोटं बोलत नव्हते.

हे समाधान डॉक्टरीणबाई येईपर्यंत टिकलं. त्यांना आज चढायला उशीर झाला होता. त्या सुसाट येत होत्या, कॅप्टनना पाहून करकचून थांबल्या. "हलू नका," असं म्हणून त्यांनी चाक काढलं, टायरच्या कडेत पट्टी घुसवून अक्कलदाढ उपटावी तशी जुनी ट्यूब ओढून बाहेर काढली, स्वतःजवळची नवी बसवली आणि हवा भरून दिली. चष्मेवाले शेजारी तोंड उघडं टाकून उभे होते, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर बसल्यासारखे.

"चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा... निसर्ग बघतो."

त्या दिसेनाशा झाल्या आणि पुन्हा सुस्स झालं.

मग आले सोफावाले. हे क्लबातले सगळ्यात जड आणि सगळ्यात मागे, पण मनाने लोण्यासारखे. त्यांच्याकडे जादा ट्यूब नव्हती, होता फक्त बोटभर लांबीचा पंप. "व्हॉल्व्ह सैल असणार," असं निदान करून त्यांनी तो घट्ट केला आणि भर उन्हात हवा भरायला बसले. घामाच्या धारा लागल्या, मान लाल झाली, श्वास फुलला. चष्मेवाल्यांना हे बघवेना. "राहू द्या हो," ते दोनदा म्हणाले. "छे छे! कॅप्टनना असं सोडून जाऊ होय?" सोफावाले म्हणाले आणि पुन्हा पंपाला भिडले. ते गेल्यावर चष्मेवाले त्या चाकाशी बराच वेळ बसून राहिले. तिसऱ्यांदा व्हॉल्व्हला हात लावताना त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली. थोडीच. हवा सुटायची तेवढी सुटली.

शेवटी वरच्या मळ्यातून द्राक्षांचे क्रेट घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याला दया आली. तो काही विचारत बसला नाही. त्याने सायकल ट्रॉलीत फेकली आणि चष्मेवाल्यांना क्रेटांच्या मधल्या जागेत बसायला सांगितलं. प्रत्येक वळणावर एक क्रेट त्यांच्या मांडीवर यायचा. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि दोन्ही हातांत जे सापडेल ते धरलं होतं. ते काय होतं हे वायनरीच्या अंगणात खाली उतरल्यावर सगळ्यांना दिसलं. कोपरापर्यंत हात जांभळे, पांढऱ्या जर्सीवर रस, गुळगुळीत पायांवर साली चिकटलेल्या.

क्लब जेवायला बसला होता. बायको निळा अॅप्रन बांधून सूप वाढत होती. तिने यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मखमलीवर बसू नका."

"कॅप्टन! काय झालं तरी काय?" कुणीतरी ओरडलं.

"पंक्चर," चष्मेवाले म्हणाले.

"पुन्हा?" डॉक्टरीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "मी नवी ट्यूब घालून दिली ना?"

"तुम्ही?" सोफावाले म्हणाले. त्यांचे कान अजून लाल होते. "मी हवा भरून दिली!"

मग हळूहळू सगळ्या माना बायकोकडे वळल्या. चष्मेवाल्यांचीही वळली. इतकी वर्षं तिने निभावून नेलं होतं. आजही नेईल, काहीतरी बोलेल, व्हॉल्व्ह खराबच आहे म्हणेल.

"यांना उताराची भीती वाटते," बायको म्हणाली. एखाद्याला साखर चालत नाही हे सांगावं, तितक्या साधेपणाने. "सूप हवंय का अजून कुणाला?"

चष्मेवाल्यांना वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण जमीन जागच्या जागी राहिली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते माहितीय हो."

"काय माहितीय?"

"सगळ्यांनाच माहितीय."

"कधीपासून?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला.

"पहिल्यापासून," सोफावाले खालमानेने म्हणाले. "तुमचं ते चारित्र्याचं भाषण सुरू झालं ना, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत कुणी? ऐकून का घेत होतात दर रविवारी?"

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. कुणी ब्रेडचे तुकडे मोडू लागलं. उत्तर शेवटी सोफावाल्यांनाच द्यावं लागलं, कारण ते लोण्याचे होते आणि खोटं त्यांना जमत नसे.

"वहिनींची कॉफी," ते म्हणाले. "वर दुसरं काही मिळत नाही ना. आणि वारा किती असतो."

परतीच्या वाटेवर सायकल डिकीत होती आणि चष्मेवाले बायकोशेजारी जुनं पोतं अंथरून बसले होते, सीटला डाग नको म्हणून. नदी संथ होती. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगायची काही गरज होती का?"

"नव्हती."

"मग?"

"दमले होते हो मी," बायको म्हणाली. "भीतीचं मला काही नाही. भीती वाटणाऱ्या माणसाला न्यायला मी जन्मभर वर आले असते. पण हिला हौस आहे म्हणालात ना, तिथं नडलं."

नदीवरचा पूल आला. काय बोलायला हवं ते त्यांना ठाऊक होतं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. "काच वर कर," ते म्हणाले, "वारा लागतोय."

बायकोने तिच्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि घरापर्यंत तशीच ठेवली.

पुढचे दोन रविवार चष्मेवाले पाठ धरल्याचं सांगून घरी बसले. नंतर पाठ आपोआप बरी झाली. कॅप्टनपद डॉक्टरीणबाईंकडे गेलं. त्या भाषण करत नाहीत, फक्त "आवरा" म्हणतात. तोडणीचा हंगाम संपला तरी बायको वायनरीतच राहिली. आता चाखायच्या खोलीच्या किल्ल्या तिच्याकडे असतात आणि मोटारही रविवारी तिच्याकडेच असते. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट चढवल्यावर चष्मेवाले हल्ली फक्त ओळी वाचून घेतात. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण तक्रार कुणाची आलेली नाही.

चढायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. खिंडीतून दुपारी एक बस खोऱ्यात उतरते, तिच्या मागे सायकल टांगायची सोय आहे, हा शोध त्यांना सोफावाल्यांनी लावून दिला. मंडळी वळणाआड गेली की चष्मेवाले पाटीखालच्या कट्ट्यावर बसतात आणि वाट बघतात. एका बाजूला समुद्र, एका बाजूला द्राक्षं. पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इथे वाट बघणाऱ्याला करण्यासारखं काहीही नाही, ऊन टाळायला सावली नाही आणि वारा कॉलरमधून थेट पाठीत शिरतो. त्यांनी कॉलर वर केली. बायकोला त्यांनी हे अजून सांगितलेलं नाही, पण सांगायचा विचार आहे असं ते स्वतःला सांगतात.

परवा बसचा ड्रायव्हर नवा होता. चष्मेवाले चढून पुढच्या सीटवर बसले, डोळे मिटून दांडा धरला. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि सहज विचारलं, "काय काका, सायकलने वर आलात? आता खाली मात्र बसने?"

चष्मेवाल्यांचे डोळे उघडले. ते जरा ताठ झाले.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "उतार म्हणजे..."

ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला.